अपोस्टिलचा कागद आणि आमच्या लग्नाची नोटीस

लग्नाला सहा महिने झाले, तरी नोंदणी कार्यालयातल्या त्या टेबलाची आठवण निघाली की अजून डोकं तापतं.

तापीकाठी आमची केळी. बायकोचं गाव फिलिपिन्सात दावाओकडे, तिकडेही केळीच. जोडीदार शोधायच्या ॲपवर आधी मी चुलतभावाच्या लग्नातला कोटातला फोटो लावला होता. वर्षभर 'हाय'च्या पुढे कुणी गेलं नाही. मग घड कापतानाचा लावला आणि तिने विचारलं, "तुमच्याकडे एका घडाला किती फण्या?" तिथून बोलणं लागलं. तिचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणून मी संध्याकाळी साडेसातलाच फोन लावायचो. व्हिडिओ कॉल आठ दिवसांत झाला. जो माणूस तो टाळत राहतो त्याच्यात जीव गुंतवू नका. पुढे माय फोनसमोर येऊन "जेवनी का वं?" विचारायला लागली, तिलाही तेवढं कळायला लागलं.

अडलो ते विवाह नोंदणीच्या कार्यालयात. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती येताना लग्न झालेलं नसल्याचा तिकडचा सरकारी दाखला, 'सेनोमार', घेऊन आली होती, वर अपोस्टिलही लावून, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. टेबलावरच्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "दूतावासाचा शिक्का कुठंय?"

"साहेब, अपोस्टिल आहे."

"ते आम्हाला चालत नाही. दिल्लीहून आणा."

पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर. तिसऱ्यांदा गेलो तर पुन्हा दिल्लीच. चौथ्यांदा फाईलच सापडेना. तिच्या व्हिसावर सलग ९० दिवसच राहता येत होतं आणि ती रोज रात्री उरलेले दिवस मोजायची. ते पाहून माझ्या पोटात कालवायचं.

शेवटी अर्ज लिहिला. अपोस्टिलच्या हेग करारात भारत २००५ पासून आणि फिलिपिन्स २०१९ पासून आहे, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. तरीही दाखला नाकारायचा असेल तर कोणत्या नियमाने, ते लेखी द्यावं. आवक शिक्का मारून पोच घेतली. तिसऱ्या दिवशी फोन आला, नोटीस लागली. ती पोच मी अजून जपून ठेवली आहे. तोंडी बोलून चार खेपा घालण्यापेक्षा पहिल्याच दिवशी असा अर्ज द्या.

तीस दिवसांचा व्हिसा अजिबात घेऊ नका, नोटिशीतच संपतो. एक वर्षाचा पर्यटक ई-व्हिसा घ्या. अपोस्टिल तिकडूनच करून आणायला सांगा. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून कळवणं (त्याला 'फॉर्म सी' म्हणायचे) यजमानाचं काम आहे. हे मला विमानतळावरून परतताना कळलं, रात्री अकराला भरला. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: भेट होण्याआधी एक रुपयाही पाठवू नका. "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय" असा फोन आला तर ती फसवणूकच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

साक्षीदार तीन लागतात. काका, मामा आणि शेजारचे आप्पा आले. सही झाली तेव्हा इथे दुपारचे बारा; तिची आई तिकडे अडीच वाजता फोनवर बघत होती.