गेमसाठी ठेवलेलं विंडोज शेवटी काढलं: माझा अनुभव

माझ्या पीसीवर विंडोज फक्त गेमसाठी उरलं होतं. बाकीचं सगळं काम गेली अकरा वर्षं लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालतं. खेळायचं म्हटलं की हातातलं सगळं बंद करून रीस्टार्ट, आणि खेळून झालं की परत रीस्टार्ट. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. माझा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नव्हता, आणि तेवढ्यासाठी धडधाकट पीसी बदलायची माझी तयारी नव्हती. मग प्रश्न एकच उरला: पैसे मोजून घेतलेले 63 गेम माझ्याबरोबर लिनक्सवर येणार का?

आधी यादी केली. प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय, आणि प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर लोक आपापल्या मशीनवर गेम कसा चालला ते नोंदवतात, आणि त्यावरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशी श्रेणी ठरते. एकदम शेवटची श्रेणी बोर्क्ड, म्हणजे चालतच नाही. एकेक नाव टाकून बघण्यात एक अख्खी दुपार गेली. 55 गेम प्लॅटिनम किंवा गोल्ड निघाले, पाच सिल्व्हर, तीन बोर्क्ड. ते तिन्ही ऑनलाइन खेळायचे होते. त्यांच्याकडे नंतर येते.

पहिला अडथळा ग्राफिक्स ड्रायव्हरचा. ड्रायव्हर टाकताना त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, मी ठरवला. रीस्टार्टनंतर निळा पडदा आला, काही सेकंद थांबला आणि मी काही करायच्या आत निघून गेला. मी तिकडे लक्षच दिलं नाही. मग गेम उघडला तर मेन्यूतला बाणसुद्धा धक्के खात सरकत होता. चित्र कोण काढतंय ते तपासलं, तर ग्राफिक्स कार्डाच्या जागी एलएलव्हीएमपाइप हे नाव. म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढत होता. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा, चालू असेल तर ओळखीची डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल (इथे ड्रायव्हर) कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आत घेत नाही, आणि त्या निळ्या पडद्यावर त्या सहीची किल्ली नोंदवायची असते. पुन्हा सगळं केलं, या वेळी पडद्यासमोर बसून राहिले, पासवर्ड दिला. लिनक्सवर पहिल्यांदाच गेम लावत असाल तर हा निळा पडदा चुकवू नका.

दुसऱ्या अडथळ्याने दोन रात्री खाल्ल्या. गेम विंडोजच्या ड्राइव्हवर होतेच, 400 जीबी पुन्हा कशाला उतरवायचे, म्हणून स्टीमला (जिथून मी गेम विकत घेते आणि उघडते ते ॲप) तोच ड्राइव्ह दाखवला. खेळा हे बटण दाबलं की त्याचं थांबवा व्हायचं आणि चार सेकंदांत परत खेळा. चुकेचा संदेश नाही, खिडकी नाही, काहीच नाही. शेवटी लॉग, म्हणजे काय काय घडतंय त्याची नोंद, चालू करून वाचला. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखी दिसणारी फोल्डरांची मांडणी तयार करतं, आणि तिच्यात सी ड्राइव्हच्या नावाचा एक दुवा असतो, कोलनसकट. विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन चालत नाही, आणि माझा ड्राइव्ह तोच नियम पाळत लिनक्सला जोडला गेला होता. दुवा तयार होत नव्हता, म्हणून गेम सुरू व्हायच्या आधीच बंद पडत होता. लिनक्सच्या एक्स्ट4 पद्धतीचं नवं पार्टिशन (ड्राइव्हचा वेगळा भाग) केलं, गेमची फोल्डरं त्यावर कॉपी केली, स्टीमने फाइली तपासून घेतल्या. पहिला गेम उभा राहिला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, आणि मी तीनपर्यंत खेळले.

प्रोटॉन म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळलं. गेम विंडोजचाच राहतो. तो विंडोजकडे जे जे मागतो, ते वाइन नावाचं सॉफ्टवेअर लिनक्सकडून मिळवून देतं. वाइनचं काम 1993 पासून चालू आहे. चित्रासाठीच्या डायरेक्ट3डी या विंडोजच्या आज्ञा डीएक्सव्हीके हे सॉफ्टवेअर वल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या आज्ञांमध्ये बदलतं, आणि डायरेक्ट3डी 12 साठी व्हीकेडी3डी-प्रोटॉन असतं. स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हने हे सगळं प्रोटॉन या नावाने एकत्र बांधून ऑगस्ट 2018 मध्ये स्टीममध्ये दिलं. प्रोसेसरची नक्कल कुठेच होत नाही, म्हणून वेग फारसा जात नाही. माझ्या काही गेममध्ये नवीन जागी गेल्यावर पहिल्यांदा चित्र अडखळतं, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत. नंतर नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते एका जुन्या गेमने. व्यूहरचनेचा खेळ, खास लिनक्ससाठी केलेलं पोर्ट, म्हणजे वेगळी बनवलेली आवृत्ती. स्टीम लिनक्सवर फेब्रुवारी 2013 मध्ये आलं, त्यानंतर मी असे गेम मुद्दाम पूर्ण किमतीला घेत आले. आपण पैसे दिले तर अजून गेम येतील हा विश्वास होता. आता तोच गेम उघडेना, त्याला हवी असलेली जुनी लायब्ररी (गेम वापरतो तो तयार कोड) सिस्टीमवर नव्हती. माझे विंडोजवरचे 140 तासांचे सेव्हही त्याला दिसत नव्हते. प्रोटॉन निवडून त्याचीच विंडोज आवृत्ती उतरवली, तर पहिल्या फटक्यात चालली, सेव्हसकट. मला वाईट वाटलं. लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी 1998 मध्ये लिनक्ससाठी गेमची पोर्टं करायला निघाली आणि 2002 च्या सुरुवातीला बंद पडली. तिथल्या सॅम लँटिंगाची एसडीएल ही चित्र, आवाज, कीबोर्ड हाताळणारी लायब्ररी मात्र आजही असंख्य गेममध्ये आहे. पोर्टाचं दुखणं तेव्हाही हेच होतं: छोट्या बाजारासाठी वेगळं काम एकदा होतं, पण पुढची दहा वर्षं ते कोण सांभाळणार? विंडोजच्या आवृत्तीला सुधारणा मिळत राहतात, पोर्ट जिथल्या तिथे राहतं. म्हणून मी माझं मत बदललं. कंपनीने वेगळं पोर्ट करण्यापेक्षा विंडोजचा गेम प्रत्येक अपडेटआधी प्रोटॉनवर तपासला, तर आपलं जास्त भलं होईल.

आता ते तीन गेम. त्यातला एक मी आणि धाकटा भाऊ दर शनिवारी खेळायचो. "ताई, लॉबीत तुझं नावच येत नाहीये," तो हेडफोनवर सांगत होता, आणि माझ्यासमोर बाहेर काढल्याचा संदेश होता. गेम सुरळीत चालत होता, आवाज, चित्र सगळं नीट. अडवत होतं ते अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशा दोन सॉफ्टवेअरनी 2021 मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली, पण ती उघडायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. काही कंपन्यांचं अँटी-चीट तर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, त्याला लिनक्सवर जागाच नाही. एपेक्स लेजंड्स हा ऑनलाइन गेम लिनक्सवर चालत होता, पण ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस चीटिंगचं कारण देऊन तो बंद केला गेला. लिनक्सवर कर्नल ज्याच्या त्याच्या हातात असतो, त्यामुळे त्यांची अडचण मला समजते. तरीही ज्याच्याकडून पैसे घेतले त्या ग्राहकाला एक दिवस दारातून परत पाठवणं मला पटत नाही. मी आमच्या गेमच्या कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की हा प्लॅटफॉर्म समर्थित नाही. एका ओळीत.

त्यामुळे पुढचं चित्र मला असं दिसतं. एकट्याने खेळायच्या गेमसाठी लिनक्स आजच पुरेसं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टीम डेक हा व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा पीसी आला आणि तेव्हापासून कंपन्यांना लिनक्सवर तपासण्याचं कारण मिळालं, कारण डेकवरचं स्टीमओएस लिनक्सच आहे. ऑक्टोबर 2025 च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच 3 टक्क्यांच्या वर गेला. स्पर्धात्मक ऑनलाइन गेम मात्र आकडा आणखी वाढेपर्यंत हलणार नाहीत असं मला वाटतं.

तो आकडा वाढवायला माझ्या हातात काय आहे, हे मी शोधलं. खरेदीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ज्या सिस्टीमवर जास्त खेळाल तिच्या नावावर स्टीम ती विक्री धरतं, आणि प्रोटॉनवर खेळलेला वेळ लिनक्सचाच मोजला जातो. शिवाय 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मिळतात, त्यामुळे नवा गेम आपल्या मशीनवर चालतो का ते धास्तीशिवाय बघता येतं.

विंडोजचं पार्टिशन गेल्या महिन्यात पुसलं. भावाने आमच्यासाठी दुसरा गेम शोधला, प्रोटॉनवर चालणारा, आणि मी तो त्याच दिवशी घेतला. पहिल्या शनिवारी मी आत आले तेव्हा तो म्हणाला, "ताई, दिसतेयस." पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही सतरा तास खेळलो.