कथा-कादंबऱ्यांचं संपादन करून मला काय मिळतं

मला हे काम मनापासून आवडतं आणि का आवडतं ते एकदा नीट लिहायचं होतं, कारण नवीन मुलंमुली मेसेज करून विचारतात की ताई, फ्रीलान्स एडिटिंगमध्ये करिअर होतं का, समाधान मिळतं का. पैशाचं आधी सांगते. नुसत्या मराठी कथा-कादंबऱ्यांवर महिना निघणं अवघड आहे. साहित्यिक कादंबरीची आवृत्ती हजार प्रतींची, हल्ली कितीदा त्याहूनही कमी, त्यात संपादकासाठी प्रकाशक किती बाजूला काढणार? म्हणून मी अनुवाद तपासते, ऑडिओच्या स्क्रिप्ट बघते, आणि पावसाळ्यात दिवाळी अंकांच्या कथा यायला लागल्या की मान वर करायला वेळ नसतो. निम्मे पैसे आधी घ्यायचे, हे पहिल्या कामापासून करा, लाजू नका.

आता समाधान. बऱ्याच जणांना वाटतं मी ऱ्हस्व-दीर्घ तपासते. ते काम मुद्रितशोधक करतात आणि माझ्यापेक्षा चांगलं करतात. माझं काम त्याच्या खूप आधीचं. पहिल्या वाचनात मी कशालाच हात लावत नाही, वाचक म्हणून नुसतं वाचते, कुठे कंटाळा आला, कुठे जेवण विसरले, एवढंच टिपते. दुसऱ्या वाचनाला एक्सेल उघडायची आणि प्रत्येक पात्राचं जन्मसाल, नातीगोती, कुठल्या प्रकरणात कुठला महिना चाललाय, सगळं मांडत जायचं. कंटाळवाणं वाटेल, पण खरी गंमत तिथेच सापडते.

एक अनुभव लेखिकेला विचारून लिहितेय. बीडकडची कादंबरी, सुरुवातीला १९७२चा दुष्काळ, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी आई आणि तिच्या पाठीला बांधलेली वर्षाची मुलगी. पुढे दोनशे पानांनी १९८४च्या उन्हाळ्यात त्याच मुलीचं लग्न, एका ओळीत उरकलेलं. एक्सेलमध्ये वय आलं तेरा. १९७८लाच कायद्याने मुलीचं लग्नाचं वय अठरा झालं होतं. मी साल बदलून टाकू शकले असते, पण मी मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं, "हिचं लग्न तेराव्या वर्षी झालं असं धरायचं का?"

बरेच दिवस उत्तरच नाही. मग फोन आला, त्या म्हणाल्या, हो, तशीच झालीत आमच्याकडे लग्नं, मला ते लिहायचं नव्हतं म्हणून एका ओळीत पळाले. आणि नंतर त्यांनी ते लग्न अख्खं लिहून पाठवलं, नवं प्रकरणच, त्यात माझा एक शब्द नाही आणि कादंबरीतलं सगळ्यात ताकदीचं पान तिथेच आहे. त्या दिवशी मला जे वाटलं ना, तेवढ्यासाठी मी हे काम आयुष्यभर करीन.

हे काही मी शोधलेलं नाही. 'सत्यकथा' हे साहित्यिक मासिक १९८२मध्ये बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रातून कसं बोलायचे, कथा पुन्हापुन्हा लिहून घ्यायचे, याबद्दल अजून लोक भरभरून बोलतात. आज बऱ्याच प्रकाशनांत पगारी संपादकच नसतो, म्हणजे ते बोलणं आता आमच्यासारख्या बाहेरच्या लोकांनी करायचं, आणि मला ही जबाबदारी फार मोलाची वाटते.

बोलीच्या बाबतीत तर मी हट्टी आहे. पात्र "काय करायलास?" म्हणत असेल तर ते छापताना "काय करतो आहेस?" होता कामा नये, नाहीतर ते माणूसच बदलतं. फॉण्ट बदलताना तुटलेली जोडाक्षरं डोळ्याला लगेच दिसतात तरी, पण सफाईने "शुद्ध" केलेला संवाद कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून लेखकासोबत बसून मी अशा रूपांची यादी करते आणि डीटीपीला, म्हणजे पानं जुळवायला, फाईल देताना सोबत जोडते, आता मुद्रितशोधक स्वतःहून फोन करून विचारतात की हे असंच ठेवायचं ना. सध्या नांदेडकडच्या एका मुलाचा कथासंग्रह चालू आहे, पहिल्या तीन कथांतच त्याची यादी चार पानांवर गेलीय.