रिओहात लाकूडच लागतं? आधी बाटली तपासा

स्पेनमधल्या रिओहा प्रदेशाची जुनी रेड वाइन उघडली आणि व्हॅनिला, सुकं खोबरं, लाकडाचा भुसा एवढंच लागलं, की आपल्याकडे निकाल ठरलेला: ओक, म्हणजे पिंपाचं लाकूड, जास्त झालाय. बऱ्याचदा तो चुकतो. ओक होता तेवढाच असतो, त्या बाटलीतलं फळ, म्हणजे वाइनची फळाची चव, गेलेलं असतं.

खोबऱ्याचा वास येतो अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन या वासाच्या घटकामुळे, आणि रिओहाची परंपरा याच ओकची. मुरण्याच्या काळावरून तिथे वाइनचे दर्जे ठरतात: रेड क्रियान्झा निदान 2 वर्षं मुरते, त्यातलं 1 वर्ष पिंपात. रेझेर्वा 3 वर्षं, पिंपात किमान 1. ग्रान रेझेर्वा 5 वर्षं, पिंपात किमान 2. नियम महिने मोजतो, पिंप नवं की जुनं हे विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. 225 लिटरचं कोरं पिंप पहिल्या भरतीत भरपूर वास सोडतं. तीन-चार भरतींनंतर फारसं काही देत नाही. म्हणून जुन्या पिंपात अनेक वर्षं राहिलेली वाइन नाजूक लागू शकते, आणि टेम्प्रानिलो या रिओहाच्या मुख्य द्राक्षाच्या हलक्या वाइनला कोऱ्या पिंपातलं एक वर्षही झेपत नाही. अशी वाइन आणखी ठेवून सुधारेल ही आशा सोडा. फळ आधी उतरतं, लाकूड मागे उरतं.

आता बाटली. एका पिंपातून साधारण 300 बाटल्या निघतात. भरण्याआधी सगळी पिंपं एका टाकीत मिसळली नाहीत, तर एकाच लेबलखाली निरनिराळ्या वाइन जातात. त्यात प्रत्येक बूच वेगवेगळी हवा आत सोडतं. सगळ्यात फसवा दोष टीसीएचा, म्हणजे बुचातून येणाऱ्या बुरशीच्या वासाचा. जास्त असला तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि कुणालाही कळतो. कमी असला तर वास जाणवत नाही, पण फळ दबतं आणि लाकूड उघडं पडतं. ग्लास वीस मिनिटं तसाच ठेवा. कोंदट वास वाढत गेला तर बूच दोषी. वाइन खुलत गेली तर ती फक्त कोंडलेली होती.

नाशिकच्या मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. बंद गोदामात वाइन फुगते, बूच वर सरकतं, फॉइलखाली चिकट ओघळ येतो. घेताना फॉइल बोटाने फिरवून पाहा. चिकटून बसलं असेल तर गळतीचा संशय घ्या. पातळी मानेच्या खाली, खांद्यापर्यंत उतरलेली बाटली परत ठेवा. शक्यतो एकाच लॉटच्या दोन घ्या आणि दोन्ही शेजारी-शेजारी उघडा. एक जिवंत, एक मेलेली निघाली तर दोष त्या बाटलीचा. दोन्ही सारख्याच लाकडी निघाल्या तर मग खुशाल वाइनरीला बोला.

उघडण्याआधी एक दिवस बाटली उभी ठेवा. प्यायला 16 ते 18 अंश ठीक. आपल्या खोलीच्या 30 अंशांत अल्कोहोल आणि व्हॅनिला दोन्ही अंगावर येतात. वीस वर्षांवरचं बूच ठिसूळ असतं, त्याला स्क्रू नको, दोन पात्यांचा ओपनर वापरा. इतक्या जुन्या वाइनला तासन्‌तास हवा दिलीत तर उरलंसुरलं फळही जाईल. गाळ मागे ठेवून ओता आणि प्या.

इथे टेम्प्रानिलो करणाऱ्यांनाही हेच लागू. या द्राक्षात आंबटपणा मुळातच कमी, त्यावर उन्हं तापताना पिकलेलं फळ. अशा वाइनला चौथा हिस्सा नवी पिंपं आमच्या मते पुष्कळ झाली. बाकी जुन्यात मुरवा आणि भरण्याआधी सगळं एका टाकीत मिसळा.