तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच जुनाट दुकानात का?

"औषधे घरपोच येत असताना तुम्ही अजून त्या कळकट दुकानात का जाता?" हा प्रश्न मला मुलीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी विचारला आहे, आणि दर वेळी 'सवय आहे' असे सांगून मी तो टाळला आहे. ते उत्तर खोटे आहे. त्या दुकानाचा मला कंटाळाच आहे, आणि या प्रकरणाची सुरुवात त्या कंटाळ्यापासूनच झाली.

दुकान कळकट आहे, हे मला कुणी सांगायला नको. छताच्या पांढऱ्या चौकोनी तक्त्यांवर पाणी झिरपून पिवळे डाग पडले आहेत, औषधविभागापुरता अंथरलेला तपकिरी गालिचा रांगेत उभे राहणाऱ्यांच्या पायांनी झिजला आहे, 'एका तासात फोटो' ही गोलसर अक्षरांची पाटी यंत्र काढून नेल्यानंतरही तशीच आहे, आणि रक्तदाब मोजण्याच्या खुर्चीवर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवून इतकी वर्षे झाली आहेत की तो कागदही आता पिवळा पडला आहे. अमेरिकेतील बहुतेक साखळी दुकानांप्रमाणे येथेही औषधे अगदी मागच्या भिंतीला असतात. आजारी माणसाने शांपू, शुभेच्छापत्रे आणि चॉकलेटे ओलांडूनच तेथे पोहोचायचे.

चार वर्षांपूर्वी मी हे दुकान सोडले होते, एकदाच आणि एका औषधापुरते. यजमानांच्या हृदयात यांत्रिक झडप आहे, त्यामुळे त्यांना वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागते, कारण रक्त पातळ ठेवणारी नवी औषधे अशा झडपेला चालत नाहीत. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर हा आकडा त्यांच्या बाबतीत २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान राखावा लागतो. त्यांना लघवीचा संसर्ग झाला, तेव्हा तातडीच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी सल्फा गटातील प्रतिजैविक लिहिले. वॉरफरिनचे नाव आम्ही परिचारिकेला सांगितले होते. डॉक्टरांच्या नजरेतून ते निसटले. औषध कोणत्या दुकानात पाठवू, असे त्यांनी विचारले आणि मी महामार्गालगतच्या, नव्या काचांच्या, लखलखीत दुकानाचे नाव सांगितले. त्या संध्याकाळी मला त्या गालिच्यावर उभे राहायचे नव्हते. खरोखर एवढेच कारण होते.

नव्या दुकानाच्या संगणकात आमची काहीच नोंद नव्हती. त्यांच्या अर्जावर 'सध्या चालू असलेली औषधे' असा रकाना होता, तो मी घाईत कोरा सोडला. विम्याचे कार्ड घरी राहिले होते आणि औषध स्वस्त होते, म्हणून मी रोख पैसे दिले. त्यामुळे यजमानांच्या नेहमीच्या औषधांची नोंद असलेल्या विमा कंपनीच्या संगणकालाही त्याचा पत्ता लागला नाही. शेवटी सही करायच्या छोट्या पडद्यावर प्रश्न उमटला: 'फार्मासिस्टशी बोलायचे आहे का?' १९९० च्या संघीय कायद्यानंतर बहुतेक राज्यांनी केलेल्या नियमांनुसार, औषध देताना असा सल्ला देऊ करावाच लागतो. मागे दोन माणसे उभी होती. मी 'नाही' दाबले. आजवर शेकडो वेळा दाबले असेल, तसेच.

चौथ्या दिवशी पहाटे त्यांच्या नाकातून सुरू झालेले रक्त थांबेना. उशीचा अभ्रा भिजला, नंतर टॉवेल भिजला, आणि ते मात्र 'उष्णता झाली असेल' असे मलाच समजावत होते. रुग्णालयात आयएनआर ९ च्या वर निघाला. सल्फा औषधामुळे यकृतातील वॉरफरिनचे विघटन मंदावते आणि त्याचा परिणाम धोकादायक इतका वाढू शकतो, हे तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर बाण काढून समजावले. दोन रात्री मी यजमानांच्या उशाशी बसून तो कोरा रकाना आठवत होते.

आता तुम्ही म्हणाल की चूक डॉक्टरांची होती. मीही कित्येक महिने तेच म्हणत होते, आणि त्यात काही खोटे नाही. लिहिणारे ते, देणारे दुकान, मग विचारण्याची जबाबदारी रुग्णाच्या बायकोवर का यावी? पण 'नाही' दाबणारे बोट माझे होते. आमच्या जुन्या दुकानातील फार्मासिस्ट तेव्हा प्रत्येक नव्या औषधाच्या वेळी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "वॉरफरिन चालूच आहे ना?" असे विचारत, आणि मला त्याची लाज वाटे.

त्यांनी ही चूक पकडली असती का? खात्रीने सांगता येत नाही. संगणकावर इशारे इतके येतात की त्यांतले कित्येक न वाचताच पुढे ढकलले जातात, आणि याच दुकानाने एकदा आम्हाला दुसऱ्याच कुणाची पिशवी दिली होती. सर्व औषधे एकाच ठिकाणी नोंदलेली असणे महत्त्वाचे, ती जागा टपालाची असली तरी चालेल, हा मुलीचा युक्तिवाद मला खोडता आलेला नाही. ती पुढे असेही सांगते की औषधदुकानांच्या मोठ्या साखळ्यांपैकी सीव्हीएसने २०२१ मध्ये सुमारे ९०० आणि वॉलग्रीन्सने २०२४ मध्ये १,२०० दुकाने बंद करण्याचे जाहीर केले, राइट एड तर २०२५ मध्ये पूर्णच बंद झाले, तेव्हा तुझे दुकान तरी किती दिवस टिकणार? दुकान बंद झाले की नोंदी दुसऱ्या दुकानाकडे जातात, याद्या हरवत नाहीत, हेही तिने समजावले आहे. तिचे सगळे बरोबर आहे, आणि तरीही मी जाते.

गेल्या महिन्यात पडद्यावर तोच प्रश्न आला आणि मी 'हो' दाबले. हल्ली मी नेहमी 'हो'च दाबते. फार्मासिस्ट उंच ओट्यावरून खाली आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि काय विचारायचे आहे, असे म्हणाले. औषध नेहमीचेच होते. विचारण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. दोघेही क्षणभर गप्प राहिलो. मग त्यांनीच, हळू आवाजात, विचारले, "वॉरफरिन चालूच आहे ना?"