बिनशाईची रेती

जपानमधल्या क्योतोच्या ऱ्योआनजी या झेन बौद्ध मंदिरात मी पहिल्यांदा गेले ती नोव्हेंबरातली शनिवारची दुपार होती. मंदिराच्या लाकडी ओसरीवर बसायला जागा नव्हती. शाळेच्या सहलीची मुलं, त्यांच्या मागे आम्ही पर्यटक, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच काम: दगड मोजणं. साधारण 25 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद अशा तिथल्या पांढऱ्या रेतीच्या बागेत 15 दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसलं तरी सगळे एकदम दिसत नाहीत, हे प्रत्येकाने आधीच वाचलेलं असतं. मीही मोजले. चौदा भरले. फोटो काढले आणि गर्दीबरोबर बाहेर पडले. पुण्यात चार वर्षं जपानी शिकताना ज्या बागेची इतकी वाट पाहिली, ती अशी पंधरा मिनिटांत आटोपली म्हणून परतताना ट्राममध्ये जीव अगदी खट्टू झाला होता.

दुसऱ्या दिवशी तेरामाची रस्त्यावर भटकताना छापचित्रांच्या एका छोट्या दुकानात शिरले. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. झेन बागांची चित्रं आहेत का, म्हणून विचारलं, तर त्यांनी एक रुंद, उथळ खण ओढला आणि दोन्ही हातांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. एका हयात चित्रकाराचं लाकडी ठशांचं चित्र. खाली पेन्सिलीने सही आणि अंक: 38/120, म्हणजे 120 प्रतींतली 38वी.

चित्रात फक्त सात दगड होते. ओसरीच्या डाव्या टोकाशी बसल्यावर समोर येतो तो पाचांचा गट आणि त्यापलीकडे भिंतीलगतचे दोन लांबट, बुटके दगड. चित्रकाराने पंधराचा हट्ट सोडला होता. मला ते फार आवडलं. बसलेल्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच त्याने कोरलं होतं. दगडांच्या पायथ्याशी शेवाळाचा हिरवा, मागे तपकिरी भिंत, आणि बाकी सगळा कागद कोरा.

"रेती कोरीच ठेवलीय का?" मी विचारलं. (रेती म्हणतात, पण आहे ती बारीक पांढरी खडी.)

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा दिवा मालवला, चित्र उचललं आणि खिडकीशी नेऊन जरा तिरकं धरलं. कोऱ्या कागदावर रेघा उभ्या राहिल्या! दंताळ्याने ओढलेल्या लांब समांतर रेघा, आणि दगडांभोवती फिरलेली वर्तुळं. शाईचा थेंबही नाही. ठशाला रंग न लावता ओलसर कागद नुसता दाबून उठवलेल्या रेघा होत्या त्या. या पद्धतीला काराझुरी म्हणतात, कोरी छपाई. समोरून प्रकाश पडला की त्या नाहीशा होतात.

मग बाईंची कळी खुलली. मला थोडंफार जपानी येतं हे कळल्यावर त्यांनी खणातून बारेन काढून माझ्या हातात दिलं. तळहाताएवढी चकती, आत पिळलेल्या दोरीचं वेटोळं, वरून बांबूच्या कोंबावरच्या सालपटाचं घट्ट वेष्टन. मोकुहांगाला, म्हणजे लाकडी ठशांच्या या जपानी छपाईला, यंत्र लागत नाही. रानचेरीच्या फळीवर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ ब्रशने फासायची, त्यावर कागद ठेवायचा आणि पाठीमागून हे बारेन अंगचा जोर लावून फिरवायचं. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा. रंग फुटू नये म्हणून त्यावर सरस आणि तुरटीचा हात दिलेला. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि सगळे एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात एक खाच आणि कडेला एक रेघ कोरलेली असते. या खुणांना केन्तो म्हणतात. केन्तो केसभर चुकला तर दगड शेवाळावरून सरकतो.

मागची भिंत मी आणखी जवळून पाहिली. तिच्यावर बारीक कमानी उमटल्या होत्या, एकीत एक अडकलेल्या. बारेन फिरल्याच्या खुणा चित्रकाराने मुद्दाम ठेवल्या होत्या. माझी आजी अंगण सारवायची तेव्हा तिच्या बोटांच्या अशाच कमानी वाळल्यावर दिसत. ती भिंत मुळात तेल घालून मळलेल्या मातीची आहे. शेकडो वर्षं ते तेल पाझरून तिच्यावर डाग उमटलेत. आदल्या दिवशी मी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर बाईंनी एक जाड कॅटलॉग काढला आणि हिरोशी योशिदांचं पान उघडलं. हे चित्रकार 1930-31 च्या सुमारास भारतभर फिरले आणि घरी जाऊन ताजमहाल, उदयपूर, अजिंठा, वेरूळ ठशांत उतरवलं. वेरूळचे खांब जपानी लाकडातून उमटलेले पाहताना मी बराच वेळ गप्प होते.

योशिदांच्या काळात, आणि त्याआधी तर सर्रास, चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. नाव बहुतेक चित्रकाराचंच राही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काही चित्रकारांनी स्वतःच काढायचं, स्वतःच कोरायचं, स्वतःच छापायचं असं ठरवलं. माझ्या समोरचं चित्र त्याच वाटेवरचं. बाई म्हणाल्या, "बागेत दगड बसवणाऱ्यांचंही तसंच झालं." मग भिंतीलगतच्या लांबट दगडावर बोट टेकवून त्यांनी सांगितलं की याच्या पाठीवर नावं कोरलेली आहेत. एक कोतारो, दुसरं अर्धवट झिजलेलं. ही बाग कुणी रचली यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, पण ही नावं कावारामोनो मंडळींची असावीत असं बरेच जण मानतात. कावारामोनो म्हणजे नदीकाठची माणसं. मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं यांच्या वाट्याला, म्हणून समाजाने यांना दूर ठेवलेलं. क्योतोच्या किती तरी बागांचे दगड यांच्याच हातांनी बसवले. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. आपल्याकडे अशा किती पाठी आहेत, हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

सोमवारी सकाळी आठला दार उघडलं तेव्हा मी ऱ्योआनजीच्या दारात होते. ओसरीच्या डाव्या टोकाला बसले. थंडीने पाय बधिर झाले होते. ऊन अजून तिरपं होतं आणि खडीच्या प्रत्येक रेघेला एक सावली होती, त्या खिडकीशी दिसली होती तशीच. आज मोजलं नाही. तासभर त्या लांबट दगडाकडे पाहत राहिले. त्याची पाठ भिंतीकडे आहे. ओसरीवरून ती दिसणं शक्य नाही. 1799 साली छापलेल्या क्योतोच्या बागांच्या एका सचित्र पुस्तकात लोक याच रेतीत उतरून हिंडताना दाखवलेत. तेव्हा कुणीतरी मागे जाऊन ती नावं वाचली असतील, असं सारखं मनात येत होतं.

मग थेट तेरामाचीला गेले आणि चित्र घेतलं. किंमत माझ्या तीन रात्रींच्या मुक्कामाएवढी होती. बाईंनी बजावलं, थेट उन्हात लावू नका, रंग उडेल.

म्हणून पुण्यात ते भिंतीवर नाही, कपाटात सपाट ठेवलंय. आल्यावर पहिल्याच सकाळी आईला दाखवलं, खिडकीशी तिरकं धरून. तिने रेघा पाहिल्या, हात पुसून आली, आणि कागद अलगद उलटा केला. मागे दगडांच्या जागी रंग पुसट झिरपला होता आणि त्यावरून बारेनच्या कमानी फिरल्या होत्या.

"हाताचा जोर इथं दिसतो," ती म्हणाली, आणि बराच वेळ चित्राची ती बाजूच पाहत राहिली.