जुन्या संगणकातली मराठी नव्या संगणकात नेताना

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे नवा संगणक घेतला असेल आणि जुन्यात दहा-पंधरा वर्षांची मराठी पत्रं, इतिवृत्तं, लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची पानं पडून असतील, तर जुना संगणक फॉरमॅट करायची घाई करू नका.

फाइली कॉपी होतात. अडचण त्या उघडताना येते. ‘महारा’ ही तीन अक्षरं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केली असतील, तर फाइलच्या पोटात प्रत्यक्षात ई, जी, के, जे, के ही पाच रोमन अक्षरं असतात. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट, आणि तो फाइलबरोबर आपोआप येत नाही. श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या जुन्या फॉन्टांचंही असंच, फक्त प्रत्येकाचा संकेत वेगळा. नव्या संगणकावर अशी फाइल उघडली की पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो आणि फाइल खराब झाली असं वाटतं. ती शाबूत असते.

इथे एक चूक फार महागात पडते. सगळा मजकूर सिलेक्ट करून त्याला मंगल किंवा दुसरा युनिकोड फॉन्ट देणं (युनिकोड म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारा, सगळीकडे चालणारा संकेत). त्याने मराठी उमटत नाही, कारण आतली अक्षरं रोमनच राहतात. वर मूळ फॉन्टचं नाव पुसलं जातं, म्हणजे उलगड्याचा धागाच तुटतो. तशी फाइल सेव्ह करू नका. मूळ फॉन्ट कुठला ते पाहायचं तर वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवा. फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसतं.

म्हणून पहिलं काम जुन्या संगणकावर. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं. त्यातले मराठी फॉन्ट वेगळ्या फोल्डरात कॉपी करून घ्या. कुठला मराठी ते कळत नसेल तर सगळेच घ्या, जागा फार लागत नाही. डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांनी, पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीच्या फाइलीही शोधाव्यात. हे टाइप १ फॉन्ट असतात आणि ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांचा आधार काढून घेतला आहे. त्यातली पानं जुन्या संगणकावरच पीडीएफ करून ठेवणं उत्तम. पानं लावायच्या जुन्या पेजमेकर प्रोग्रॅमच्या फाइलींनाही तेच लागू. त्याची शेवटची आवृत्ती ७ होती, आणि त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन सीएस६ आवृत्तीनंतर त्या फाइली थेट उघडत नाही. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड झाले, म्हणजे फाइलीच्या आतच बसले आहेत ना, हे डॉक्युमेंट प्रॉपर्टीजच्या फॉन्ट्स टॅबमध्ये पाहा.

मराठीच्या पॅकेजला डोंगल (परवान्यासाठी संगणकाला लावायची छोटी किल्ली) असेल तर तो जपून काढा. टॅली वापरत असाल तर लायसन्स जुन्या संगणकावरून सरेंडर करा आणि डेटाचा बॅकअप घ्या. आउटलुकच्या ईमेल साठवणाऱ्या पीएसटी फाइली आउटलुक पूर्ण बंद करूनच उचला. क्रोम किंवा एज ब्राउझरमधले पासवर्ड प्रोफाइलचं फोल्डर उचलून येत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याला बांधलेले असतात. ते एक्सपोर्ट करावे लागतात, आणि नव्यात घेतल्यावर ती फाइल लगेच पुसायची.

आता कॉपी. बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि ती फॅट३२ नाही ना, हे आधी बघा. फॅट३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवं. जुन्या संगणकाला यूएसबी २ असेल तर सेकंदाला साधारण ३० एमबी धरा, म्हणजे १२० जीबीला सव्वा तासाच्या आसपास. हजारो बारीक फाइली असतील तर याहून बराच जास्त. कट कधीच करू नका, कॉपीच करा. मराठी नावांच्या फाइलींची झिप विंडोज ७ मधल्याच झिपच्या सोयीने करू गेलं तर ती नावातल्या अक्षरांवरून नकार देते. तिथे सेव्हन-झिप हा वेगळा प्रोग्रॅम वापरा, किंवा झिप न करता फोल्डर तसंच न्या.

संगणक सुरूच होत नसेल तर डिस्क काढून साटा-यूएसबी जोडणीने लावा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं तर उरलेलंही जाऊ शकतं.

नव्या संगणकात डॉक्युमेंट्समध्ये सगळं ओतण्याआधी वनड्राइव्ह पाहा. विंडोज ११ मध्ये अनेकदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतात, आणि फुकट जागा फक्त ५ जीबी. ती भरली की सिंक अडकतं. त्यापेक्षा सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइज’चा आकडा जुळवा, ‘साइज ऑन डिस्क’ वेगळा येणारच.

जुन्यातून आणलेल्या फॉन्टवर राइट-क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ इन्स्टॉल करा. साधं इन्स्टॉल केलं तर फॉन्ट एका खात्यापुरता बसतो आणि काही जुन्या प्रोग्रॅमांना दिसतच नाही. मग वेगवेगळ्या वर्षांच्या दहा-बारा फाइली उघडा आणि एक पान छापून पाहा.

युनिकोड रूपांतर नंतर, सवडीने, आणि नेहमी प्रतीवर. परिवर्तक, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, त्याच फॉन्टचा हवा. कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीच्या मजकुराचा चुराडा करतो. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार अक्षराआधी टाइप होतो आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम उलटा, म्हणून चुका तिथेच होतात. ‘दुसऱ्या’, ‘कार्यकर्ती’, ‘ऑगस्ट’, ‘स्थिती’ असे शब्द आवर्जून तपासा. मजकुरात मधेच खरी इंग्रजी असेल तर तीही मराठी समजून बदलली जाते. ईमेलचे पत्ते आणि गाड्यांचे नंबर हमखास असे बिघडतात. रकमा आणि तारखा मूळ फाइल शेजारी उघडून एकेक जुळवा. ते होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट न करता कपाटात राहू द्या.