तुम्ही विचारलंत म्हणून : वेगाची गाडी इथेनॉलवर न्यावी का?

"गाडी ई-८५ वर करून घेतली तर फायदा आहे का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतेच. ई-८५ म्हणजे जास्तीत जास्त ८५ टक्के इथेनॉल आणि उरलेले पेट्रोल. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादा मोठा आकडा असतो; कोनिगसेग येस्को या गाडीचे इंजिन पेट्रोलवर १,२८० अश्वशक्ती देते आणि ई-८५ वर १,६००, हे त्याने कुठेतरी वाचलेले असते. आकडा खरा आहे. पण ती वाढ कुठून येते हे समजून घेतल्याशिवाय तुमच्या गाडीच्या वाट्याला तिच्यातले किती येईल हे सांगता येत नाही, म्हणून माझे उत्तर थोडे लांबते.

इथेनॉल हे पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जेचे इंधन आहे, हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. मात्र इंजिनाची खरी मर्यादा सिलिंडरमध्ये किती हवा शिरते ही असते, आणि १४.७ किलो हवेला जिथे एक किलो पेट्रोल लागते तिथे एक किलो इथेनॉल अवघ्या ९ किलो हवेत पूर्ण जळते. हिशेब मांडून पाहिला तर एक किलो हवेमागे दोन्ही इंधनांतून जवळजवळ सारखीच, म्हणजे तीन मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. म्हणजे नुसते इंधन बदलून ताकदीत विशेष भर पडत नाही.

भर पडते ती दोन गुणांमुळे. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषून घेते, आणि शिवाय त्याच हवेसाठी ते जास्त प्रमाणात सोडावे लागते. त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेला मिळणारा थंडावा साधारण चौपट होतो. दुसरा गुण ऑक्टेनचा, म्हणजे दाबाखाली आपोआप पेट न घेण्याच्या क्षमतेचा. शुद्ध इथेनॉलचे रिसर्च ऑक्टेन १०८ च्या घरात आहे. हे दोन्ही गुण एकाच शत्रूशी लढतात, तो म्हणजे नॉकिंग: ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटणे आणि त्या धक्क्याने पिस्टनला इजा होणे. टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंपाच्या, इंजिनात बूस्ट (त्या हवेचा दाब) वाढवला की नॉकिंग सुरू होते, मग ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगीची वेळ मागे घेते आणि वाढवलेल्या बूस्टचा मोठा भाग वाया जातो. इथेनॉल हा अडथळा दूर करते. ठिणगी हवी तितकी आधी देता येते, बूस्ट वाढवता येतो, आणि ताकद या मोकळ्या झालेल्या जागेतून येते.

म्हणूनच मी उलट प्रश्न विचारतो: तुमच्या इंजिनाला आज नॉकिंग अडवते आहे का? टर्बो असेल आणि पेट्रोलवर पूर्ण भार देताच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे जात असेल, तर इथेनॉलने गाडीचा स्वभाव बदलेल. टर्बो नसलेल्या, साध्या कॉम्प्रेशनच्या इंजिनात नीट ट्यूनिंग करूनही फार तर काही टक्के मिळतात, आणि त्यासाठी एवढा खटाटोप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. टर्बो लहान असेल आणि आधीच दमलेला असेल, तर तिथेही इथेनॉल काही करू शकत नाही, कारण जास्त हवा आणायची ती टर्बोनेच.

आता खर्चाच्या बाजूकडे वळू. तेवढ्याच हवेसाठी ई-८५ सुमारे ४० टक्के जास्त सोडावे लागते, आणि माझ्या पहिल्या गाडीत मी नेमका हाच हिशेब करायला चुकलो. पेट्रोलवर सर्वाधिक भाराला तिचे इंजेक्टर (इंधन फवारणाऱ्या झडपा) ६५ टक्के वेळ उघडे राहत होते, आणि मला वाटले की अजून पुष्कळ वाव आहे. पण ६५ ला १.४ ने गुणले की ९१ होतात, आणि ८५ च्या पुढे इंजेक्टरवर भरवसा ठेवता येत नाही. वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होऊ लागले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडू लागले, आणि धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावलेला होता म्हणूनच ते वेळेवर दिसले. मग मोठे इंजेक्टर घेतले, त्यांना पुरेल असा पंप घेतला, आणि पंपाला पुरेल अशी वायर टाकली. एक वस्तू बदलली की पुढची बदलावीच लागते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या, गाडीत हे अधिक अवघड, कारण तिथे इंधन सोडायला वेळ थोडा मिळतो आणि कॅमशाफ्टवर चालणाऱ्या उच्च दाबाच्या पंपाची क्षमता सहज वाढवता येत नाही.

इंधनाचे प्रमाणही स्थिर नसते. थंडीत गाडी चालू व्हावी म्हणून ऋतूप्रमाणे इथेनॉलचा वाटा बदलतात, आणि अमेरिकेच्या मानकानुसार तो ५१ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ८० टक्क्यांसाठी केलेल्या मॅपवर (ईसीयूमधल्या इंधन आणि ठिणगीच्या कोष्टकावर) ५५ टक्क्यांचे इंधन भरले, तर ज्या नॉकिंगपासून सुटका हवी होती तेच परत येते. त्यामुळे फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवल्याशिवाय हे काम हाती घेऊ नका, एवढा माझा आग्रह आहे. हा सेन्सर इंधनाच्या विद्युत गुणधर्मावरून इथेनॉलचा वाटा ओळखतो, ईसीयूला ५० ते १५० हर्ट्झचा संकेत पाठवतो, आणि मॅप त्याप्रमाणे आपोआप सरकतो.

बाकीच्या गोष्टी सवयीच्या आहेत. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, त्यामुळे थंड इंजिनात त्याची वाफ सहज होत नाही. ब्राझीलमध्ये इथेनॉलच्या गाड्यांना सुरुवातीच्या काळात याच कारणासाठी पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी असे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते भरून ठेवू नये. जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात आणि इंजिन ऑइल लवकर बदलावे. टाकीवरचे अंतरही घटते: जिथे ४०० किलोमीटर जात होतात तिथे ३०० च्या आसपास धरून चला.

या सगळ्यात एक मधला मार्ग आहे, आणि रोज चालवायच्या गाडीसाठी मी तोच सुचवतो. ऑक्टेन इथेनॉलच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या ३०-४० टक्क्यांत ते झपाट्याने वाढते आणि नंतरची वाढ मंदावते. त्यामुळे ३० टक्क्यांच्या मिश्रणावर नॉकिंगचा बराचसा बंदोबस्त होतो, आणि इंधनाची गरज मात्र फक्त १२-१३ टक्क्यांनी वाढते, जी अनेक गाड्यांचे मूळचे पंप आणि इंजेक्टर पेलू शकतात. माझी सध्याची गाडी एरवी याच मिश्रणावर चालते, आणि ट्रॅकवर जायचे असेल त्या आठवड्यातच मी तिच्यात पूर्ण ई-८५ भरतो.

तेव्हा ठरवण्याआधी एक करा. आज आहे त्याच पेट्रोलवर तिसऱ्या गिअरमध्ये, बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर), गाडी पूर्ण ताकदीने ओढा आणि इंजेक्टरचा वेळ, इंधनाचा दाब आणि मागे घेतलेले टायमिंग यांची नोंद घ्या. ते तीन आकडे मला पाठवलेत, तर तुमच्या गाडीबद्दल हो की नाही ते मी एका ओळीत सांगेन.